बिजागरीतला खेळ

शेडमधून, ४ जानेवारी

ती. मामांस,
स्टोव्हचा सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? ताई लिहिते की डॉक्टरांनी झिजलेला सांधा काढून चकचकीत नवा बसवला आणि शुद्धीवर आल्या आल्या तुम्ही पहिली चौकशी गाडीची केलीत. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोनवर अर्धं ऐकता आणि न ऐकलेल्या अर्ध्याचं उत्तर देता, म्हणून कागद काढला.

गाडी मजेत आहे. म्हणजे पुढून मजेत आहे. मागून तिच्याकडे बघवत नाही. डिकीचं झाकण उघडलं की डावीकडे मान टाकतं आणि बंद करायला जावं तर उजवा कोपरा बॉडीवर घासतो. तिथला तुमचा लाडका लाल रंग उडून नखाएवढा पत्रा दिसायला लागलाय. काल स्टेपनी बघायला आत डोकं घातलं तर टेकूची काठी निसटली आणि अख्खं झाकण टाळक्यात. लिंबाएवढं टेंगूळ आलंय. मग मला राग आला. खोटं कशाला बोलू, मी बंपरला लाथ घातली. बंपरला काही झालेलं नाही. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं आहे, तेव्हा फिटंफाट.

अट विसरलेलो नाही. तुम्ही २८ तारखेला परत येणार, एका बोटाने डिकी उघडणार, एका बोटाने बंद करणार. जमलं तर बाबांना सांगणार की पोराला परत कॉलेजात कोंबू नका, त्याला हाताचं काम शिकू द्या. नाही जमलं तर १ फेब्रुवारीला मी पुन्हा त्याच बाकावर, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षात, त्याच पंख्याखाली. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की या मुलाने आजवर सुरू करून संपवलेली एकच गोष्ट म्हणजे ताटातलं जेवण.

एक विचारायचं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत लेथचं दुकान आहे. टर्नरकाकांची नजर अधू झाल्यापासून लेथ त्यांची मुलगी चालवते. मी फक्त चौकशीला गेलो होतो. ती काही माझ्याकडे बघत नव्हती, फिरणाऱ्या लोखंडाकडे बघत होती. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि समोर लोखंडाचं साल असं उलगडत होतं की वाटावं सफरचंद सोलतेय. मान वर न करता म्हणाली, बिजागऱ्या काढून आणा, नुसतं बोलून त्या बऱ्या होणार नाहीत. आवाज छान आहे. म्हणजे लेथचा. तर अशा दुकानात काम टाकावं का?

गुडघ्याला जपा. लोभ निदान २८ पर्यंत तरी टिकवून धरा.

तुमचाच,
स्टोव्ह


ताईच्या घरून, ८ जानेवारी

चि. स्टोव्ह यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. त्यात लेथवालीवर जितक्या ओळी आहेत तितक्या माझ्या गुडघ्यावर नाहीत. मी मोजल्या. पडून असलेल्या माणसाला दुसरं काम काय?

आता नीट वाच. बिजागऱ्यांचे बोल्ट सोडायच्या आधी झाकणाखाली उशी ठेव आणि वरून दोरीने बांध. डावी कुठली, उजवी कुठली, खडूने लिही. पिना गंजून बसलेल्या असतील. तेल सोड आणि एक दिवस थांब. थांब म्हणजे थांब. सायकलचं पंक्चर काढताना तू टायर फाडला होतास, हे सगळं घर विसरलं असेल, मी नाही. हातोडा उचलावासा वाटला की आधी बाहेर जाऊन एक पेला पाणी पी. राग गेलेला नसला तर आणखी एक.

लेथवर काम टाक. टर्नरचा हात चांगला होता, लेकीचाही असेल. पण एक सांगून ठेवतो, माझ्या गाडीत सुधारणा नको! कारखान्यातून निघाली तशीच ती राहणार. चाळीस वर्षांत मी तिच्यात परका स्क्रूसुद्धा घातलेला नाही. या गाडीतून तुझ्या मामीला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा डिकीत तिची छत्री होती आणि झाकण असं अलगद मिटलं होतं की आवाजच झाला नाही. मला तोच न होणारा आवाज परत हवा आहे. नवीन काही नको.

कळावे. लोभ आहे, बंपरला पुन्हा पाय लागला तर राहणार नाही.

मामा

ता. क. मामांनी 'नवीन काही नको' हे वाक्य स्वतःचा नवाकोरा सांधा उशीवर ठेवून लिहिलं आहे, याची नोंद घ्यावी. — ताई


शेडमधून, १२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मामांच्या हाती लागता कामा नये. वाच आणि फाड. तुला माझी शपथ.

पिना निघाल्या. मी खरोखर एक दिवस थांबलो! शेडमध्ये स्टुलावर बसून नुसता थांबलो, जसं काही बिजागऱ्यांना मूल होणार होतं. भोकं गोल राहिलेलीच नाहीत, अंड्यासारखी लांबट झालीत आणि पिना मधोमध कंबर बारीक करून बसल्यात. सगळा ऐवज बिस्किटांच्या डब्यात भरला आणि दुकानात नेऊन दिला.

आता मुद्द्याचं. डब्यात बिजागऱ्यांच्या खाली मी तिला लिहिलेलं पत्र ठेवलंय. हसू नकोस. अकरा खर्डे फाडले. शेवटी चारच ओळी उरल्या. मी रागीट आहे. कॉलेज अर्ध्यावर सोडलंय. पण तुमच्या लेथसमोर उभा राहिलो की डोकं आपोआप थंड होतं. हे असंच चालू ठेवावं का, एवढं सांगा. बस्स. फुलं नाहीत, चंद्र नाही, शायरी नाही. खाली सही, तीही खऱ्या नावाची, स्टोव्ह नाही.

डबा तिने स्वतः घेतला. हलवून बघितला, कानाशी नेला आणि म्हणाली की आवाजावरूनच कळतंय. काय कळतंय ते सांगितलं नाही. ताई, परवापासून मला घास गिळवत नाही. म्हणजे तिसरी पोळी गिळवत नाही.

लोभ असू दे आणि तोंड बंद असू दे.

तुझा,
स्टोव्ह


लेथचं दुकान, १५ जानेवारी

रा. रा. लाल गाडीवाले यांस,
स. न. वि. वि.

डबा उघडून पाहिला. दोन्ही बाजूंनी खेळ फार झाला आहे. हे असंच चालू ठेवण्यात अर्थ नाही. वडिलांनाही दाखवलं, त्यांचंही तेच मत पडलं. वरवर ठोकून घट्ट केलं तरी चार दिवसांत पुन्हा तीच गत होईल. माझं ऐकाल तर झिजलेलं काढून टाका आणि नव्याने विचार करा.

काय ठरतं ते लेखी कळवावं. लेथ चालू असताना ऐकू येत नाही.

कळावे,
लेथवरून


शेडमधून, १६ जानेवारी

ताई,

नमस्कार बिमस्कार राहू दे. तिचं उत्तर आलं. सोबत पाठवतोय, स्वतःच्या डोळ्यांनी वाच. खेळ म्हणाली! माझ्या चार ओळींना खेळ म्हणाली! आणि वडिलांना दाखवलं! त्या बिचाऱ्या टर्नरकाकांना चार हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, पण माझं पत्र तेवढं वाचता आलं. दोघांनी मिळून मत दिलं. झिजलेलं काढून टाका म्हणे. मी विसाव्या वर्षी झिजलेला!

मी गप्प बसलेलो नाही. जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली होतं, त्याखालून चिठ्ठी सरकवली. तिच्यात लिहिलं की तुम्हाला खेळ वाटत असेल, माझ्यासाठी तो खेळ नव्हता. वडिलांना दाखवण्यासारखं त्यात काय होतं ते मला समजलेलं नाही. माझा डबा आहे तसा परत करा. शेवटी तीन उद्गारचिन्हं दिली. चौथं देणार होतो, कागद संपला.

मी बॅग भरतोय. मामांना सांग की मी हरलो, १ तारखेला कॉलेजात जाईन, बाबांना म्हणावं आनंद करा. कारण मात्र सांगू नकोस. डिकीचं झाकण शेडच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलंय. ते माझ्याकडे असं बघतं की त्याच्या अंगावर चादर टाकावी लागली.

लोभ कुणाचाच नाही हे कळलंय, तुझा तरी असू दे.

स्टोव्ह


लेथचं दुकान, १७ जानेवारी

रा. रा. लाल गाडीवाले यांस,
स. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. आशय समजला नाही.

आपण म्हणता की तो खेळ नव्हता. खेळ आहे. मी मोजला आहे. डाव्या बिजागरीत दीड मिलिमीटर, उजवीत एकाला थोडा कमी. पिन आणि भोक यांच्यामध्ये जी मोकळी जागा होते तिला आमच्या धंद्यात खेळ म्हणतात. आपल्या गाडीतला खेळ माझ्या जन्माच्या आधीपासूनचा दिसतो, तेव्हा तो मी केला असं म्हणणं बरोबर होणार नाही. वडिलांना दाखवली ती डावी बिजागरी. ते बोटाने तपासतात, डोळ्यांची गरज पडत नाही.

डब्यात दोन बिजागऱ्या, दोन पिना, चार वॉशर आणि एक तेलकट फडकं मिळालं. याखेरीज काही असल्यास त्याच्याकडे हे काम संपल्यावर पाहू.

आता विचारते ते सांगा. भोकं मोठी करून आत गनमेटलचे बुश बसवायचे का? त्याशिवाय मी काम घेणार नाही. घ्यायचं नसल्यास डबा न्यावा. उद्गारचिन्हांची गरज नाही, एका ओळीत कळवलं तरी चालेल.

कळावे,
लेथवरून


शेडमधून, १८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बॅग परत उपसली आहे. का भरली होती ते विचारू नका. आतापर्यंत ताईने सांगितलं नसेल तर ती माझी ताई नाही.

कामाचं लिहितो. लेथवाल्यांचं म्हणणं असं की चूक झिजण्यात नाही, मुळातच आहे. कारखान्याने लोखंडी पिन लोखंडी भोकात तशीच फिरवली. एकमेकांना खाण्याशिवाय त्या दोघांना उद्योगच नव्हता. भोक गोल करून त्यात गनमेटलची, म्हणजे पितळेसारख्या मऊ धातूची, बारीक नळी बसवली, तिला बुश म्हणतात, की पिन तिच्यात फिरेल. पुढे झिजला तर बुश झिजेल, तो काढून दुसरा घालता येतो, बिजागरी वाचते. ग्रीस भरायला एक चिमुकलं तोंडही ठेवता येईल. बाहेरून पाहणाऱ्याला पत्तासुद्धा लागणार नाही.

सुधारणा नको, ही तुमची आज्ञा मी दुकानात वाचून दाखवली. त्यावर टर्नरकाकांनी विचारलं की तुझ्या मामाचा गुडघा अजून मूळचाच आहे का. मी म्हटलं, नाही. मग बाप आणि लेक दोघंही आपापल्या कामाला लागली, जसा काही निकाल लागला. 

काय करू? दिवस दहाच आहेत.

लोभ असावा, हुकूम बदलावा.

तुमचा,
स्टोव्ह


ताईच्या घरून, २१ जानेवारी

चि. स्टोव्ह यास,
अ. उ. आ.

ताईने तुझं सोळा तारखेचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, लेथवालीच्या उत्तरासकट. तिला दोष देऊ नकोस. ती एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसत होती की मला वाटलं दूध उतू गेलं. मी हसलो तर टाके दुखायला लागले. डॉक्टर आले आणि म्हणाले की आजोबा, हसताना पाय हलवू नका. गाढवा, चाळीस वर्षं माझ्या गाडीभोवती घुटमळणाऱ्या घरात जन्मलास आणि तुला खेळ माहीत नाही! झोपाळ्याच्या कडीत होतो, दाराच्या कोयंड्यात होतो, माझ्या गुडघ्यातही झाला होता. डॉक्टरही हाच शब्द म्हणाले होते. मी काही त्यांना चिठ्ठी सरकवली नाही.

बुशचं म्हणशील तर काल मी काठी न घेता संडासापर्यंत गेलो आणि परत आलो. जाताना विचार केला, येताना ठरवलं. बसव बुश. पण बाहेरून दिसता कामा नयेत आणि ते ग्रीसचं तोंड तर मुळीच दिसता कामा नये.

२८ ला सकाळी पोचतो. बोट तयार आहे.

कळावे. लोभ आहे, तो हसून हसून थोडा सैल झाला आहे इतकंच.

मामा


शेडमधून, २९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फितूर बाई, तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगायला दुसरं आहे कोण?

मामांची परवानगी घेऊन मी दुकानात गेलो तो छाती काढून. तिने विचारलं, पिनेत आणि बुशमध्ये किती खेळ ठेवू? मी म्हटलं, केसाइतकासुद्धा नको, शून्य. मला त्या शब्दाची धास्तीच बसली होती. ती म्हणाली, जाम होईल. मी म्हटलं, होऊ दे. तिने बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, गिऱ्हाईक सांगतंय तसं दे. आणि दिलं गं तिने, अगदी सांगितलं तसं!

२६ ला दुपारी मी झाकण चढवलं. दोन्ही हातांनी रेटलं तर कुरकुरत वर गेलं, सरळ उभं राहिलं आणि तिथेच राहिलं. खाली येईना. मी लोंबकळलो तरी येईना. मी हातोडा उचलला. मग तो ठेवला आणि बाहेर जाऊन पाणी प्यायलो. परत येऊन बघितलं, पुन्हा बाहेर गेलो. असे सात पेले झाले, ताई. सातव्यानंतर राग होता की नाही ते सांगता येत नाही, पोटात जागाच नव्हती.

शेवटी गाडी तशीच बाहेर काढली. लाल गाडी, मागे उभं झाकण, एखादा कोंबडा शेपूट फुलवून निघावा तसा मी भर बाजारातून. आरशात झाकणाखेरीज काही दिसत नव्हतं. चौकातल्या पोलिसाने फुंकायला घेतलेली शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात ठेवली. अशा गुन्ह्याला कलम नसावं. दुकानासमोर थांबलो तर ती बाहेर आली. चष्मा कपाळावर चढवला. आधी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अशी हसली की आतून टर्नरकाका ओरडले, लेथ बंद कर आधी!

पुढचं सगळं तिने माझ्याकडून करवून घेतलं. भोक साफ करायच्या हत्याराला रीमर म्हणतात. ते हाताने फिरवायचं, अर्धा वेढा, थांबायचं, पुन्हा अर्धा. मी जोर लावला की ती बोटाने मनगटावर टकटक करायची. म्हणायची, ढकलू नका, ते आपल्या पायाने जातंय. तीन तास लागले. मला राग आला नाही. शोधला, पण सापडला नाही. शेवटी तिने खणातून घडी घातलेला कागद काढला, त्याची बोटभर पट्टी कापली आणि बिजागरीच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये सरकवली. म्हणाली, कागद सरकला पाहिजे, पण सोडल्यावर पडता कामा नये. सरकला. पडला नाही.

काल मामा आले. चहासुद्धा न घेता काठी टेकत थेट शेडमध्ये. तर्जनी नाही, करंगळी लावली! झाकण उघडलं, थांबलं. पुन्हा करंगळी. मिटलं. आवाज झाला नाही. मामा बराच वेळ त्या न झालेल्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. मग त्यांना ग्रीसचं तोंड सापडलं, म्हणाले हे काय आहे? मी म्हटलं, सुधारणा. ते म्हणाले, हूं. त्यानंतर त्यांनी डिकी सतरा वेळा उघडमीट केली आणि आत छत्री नेऊन ठेवली, बाहेर लख्ख ऊन असताना.

बाबांना पत्र माझ्यासमोरच लिहिलं आणि संध्याकाळच्या एसटीने हातोहात पाठवलं. एकच वाक्य आहे, की याने एक गोष्ट सुरू करून संपवली, मी स्वतः बोट लावून तपासली आहे. बाबांचा आज फोन आला.  म्हणाले, कॉलेजला कळवतो, पण आता शिकायचं कुठे ते तू ठरव.

तेच तर ठरत नाहीये. एवढं सगळं झालं पण माझ्या चार ओळींबद्दल ती चकार शब्द बोललेली नाही. डब्याच्या तळाशी तेलकट फडकं होतं, त्यातच गुंडाळून गेल्या असणार. मामा काल तिथे आभार मानायला गेले होते आणि मला आत येऊ न देता अर्धा तास गप्पा मारत बसले. काय बोलले ते सांगत नाहीत, नुसती मिशी कुरवाळतात.

लोभ कमी करू नकोस. पत्रं वाचून दाखवणं कमी कर.

तुझा,
स्टोव्ह


लेथचं दुकान, ३० जानेवारी

श्री. स्टोव्ह यांस,
स. न. वि. वि.

नाव आपल्या मामांकडून कळलं. शोभतं.

आपला डबा सोबत परत करत आहे. काम संपलं, तेव्हा बिजागऱ्यांखेरीज त्यात जे होतं त्याच्याकडे आता पाहता येईल. तो कागद मला पहिल्याच दिवशी मिळाला होता. फडक्याबरोबर गेलेला नाही. डब्यात पुन्हा ठेवला आहे. त्याची खालची पट्टी कमी दिसेल. ती २६ तारखेला मापासाठी कापली. दुकानात त्या जाडीचा दुसरा कागद नव्हता, असं मी वडिलांना सांगितलं आहे.

पट्टीवर आपली सही आणि 'हे असंच चालू ठेवावं का, एवढं सांगा' ही ओळ होती. तिला तेल लागलं असलं तरी वाचता येते. ती मी परत करणार नाही.

विचारलं आहे म्हणून सांगते. असंच नको. रोज काहीतरी निमित्त काढून आपण दारात उभे राहता, त्याने माझा उजेड अडतो. सोमवारी सकाळी आठला आत या. बाह्या दुमडून या. वडील शिकवायला तयार आहेत. रीमर फिरवताना ते आपल्या हाताचा आवाज ऐकत होते. पाण्याचा माठ लेथच्या डाव्या हाताला आहे, पेला मी मोठा आणून ठेवला आहे.

फार घट्ट केलं की काय होतं ते सगळ्या बाजाराने पाहिलं. फार सैल सोडलं की काय होतं त्याचं टेंगूळ अजून उतरलेलं नाही. तेव्हा यापुढचं माप माझ्याकडे राहील.

कळावे. लोभ असावा, कागदाच्या जाडीइतका खेळ ठेवून.

लेथवरची